मत्स्यपाण्यावर, म्हणजे माशांच्या टाकीतील पाण्यावर, वाढवलेल्या गांजाच्या रोपाचे डिजिटल टोकन यवतमाळच्या शेतकऱ्याने घ्यावे काय?

माझ्या मते घेऊ नये. माशांनी पाण्यात सोडलेल्या अमोनियाचे जिवाणू नायट्रेट करतात आणि तेच रोपांचे खत ठरते, एवढा भाग शास्त्रशुद्ध आहे. टोकन मात्र ब्लॉकचेनवरील, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून ठेवलेल्या डिजिटल वहीतील, नोंद असते. तिला सातबाऱ्याचे बळ नाही, आणि रोप मेले तर दाद कुठे मागायची, हे विक्रेत्याच्या करारावरच अवलंबून राहते. शिवाय १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २० नुसार गांजाच्या विनापरवाना लागवडीस १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, तर कलम २७-अ नुसार अशा अवैध लागवडीस प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष पैसा पुरवणाऱ्याला १० ते २० वर्षे, म्हणजे पेरणाऱ्याहून पुरवणाऱ्याची शिक्षा कडक. टोकन विकून नफा झालाच, तर त्यावर ३० टक्के प्राप्तिकर वेगळा. मत्स्यपाण्याचाच प्रयोग करायचा असेल, तर पालक लावावा.