विद्यार्थी कृतीचा रकाना

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि बी.एड.च्या सराव पाठांच्या टाचणांची, म्हणजे पाठांच्या आराखड्यांची वही, दोन्ही मिळालं. निरीक्षकांनी 'पाठ समाधानकारक, फलकलेखन सुधारावे' असा शेरा मारला, वर्गही शांत होता, मग पाठ चांगला झाला म्हणायचं का, असं तू विचारतेस. शेऱ्याचं तूर्त सोड. वही उघडल्यावर मी प्रस्तावना, हेतुकथन (आज काय शिकायचं ते सांगणं) ओलांडून थेट मधल्या तक्त्याकडे गेलो. डावीकडे 'शिक्षक कृती', उजवीकडे 'विद्यार्थी कृती'. डावा रकाना दाटीवाटीने भरलेला. उजव्यात 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात', त्याखाली 'विद्यार्थी नकाशाचे निरीक्षण करतात', मग पुन्हा 'विद्यार्थी ऐकतात', आणि पुढे पानभर 'वरीलप्रमाणे'.

यात तुझा एकटीचा दोष नाही. मागच्या बॅचची वही समोर ठेवून टाचण लिहायची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि तो 'वरीलप्रमाणे' बॅचमागून बॅच चालत आलाय. पण इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र शिकवायचं तर मला तुला एवढंच सांगायचंय: उजवा रकाना आधी भर. मुलं काय वाचणार, काय मोजणार, कशावरून आपसात भांडणार, हे ठरलं की तुझं काम काय ते आपोआप ठरतं. मुलांच्या हातात काहीच द्यायचं नसेल, तर तो पाठ म्हणजे पुस्तकातला मजकूर तोंडी सांगणं. ते काम पुस्तक तुझ्यापेक्षा बरं करतं आणि त्याचा घसाही बसत नाही.

शांत वर्गावर फार विसंबू नकोस. सराव शाळेतली मुलं आपल्यापेक्षा मुरलेली असतात. बी.एड.च्या मॅडम आल्या, मागच्या बाकावर वही घेऊन कुणी बसलं, की हात कधी वर करायचे आणि कधी गप्प बसायचं हे त्यांना पाठ असतं. 'आपल्या देशावर कोणी राज्य केलं?' इथून सुरू करून चौथ्या प्रश्नाला तू विषयाशी पोचतेस, तोवर त्यांनी पुस्तकातलं पान काढूनही ठेवलेलं असतं. त्या प्रस्तावनेला दोन मिनिटांहून जास्त देऊ नकोस.

आता तुझ्या एका टाचणाकडे येतो. आठवीचा 'समतेचा लढा', त्यातला महाडचा भाग. तू लिहिलंस: २० मार्च १९२७, चवदार तळे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, समतेचा हक्क. सगळं बरोबर. मुलं लिहून घेतील, परीक्षेत तारीखही येईल. पण यात विचार करायला जागा कुठे आहे? हीच सामग्री अशी मांडून बघ. अर्ध्या पानावर फक्त तीन नोंदी लिही. १९२३: मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. १९२४: महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव. १९२७: हजारो माणसं मोर्चाने तळ्यावर जातात आणि पाणी पितात. दोघांत एक कागद दे आणि फळ्यावर एकच प्रश्न लिही: तळं १९२४ मध्येच खुलं झालं होतं, तर १९२७ मध्ये मोर्चा कशाला?

मग गप्प बस. हे सगळ्यात अवघड आहे. सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे एकेका कौशल्याच्या छोट्या सराव पाठात, प्रश्न कौशल्याच्या तक्त्यावर तू किती प्रश्न विचारलेस याच्या खुणा केल्या जातात. विचारल्यावर किती वेळ थांबलीस, याला तिथे रकाना नाही. मनात सावकाश पाच आकडे मोज. पहिलं उत्तर बहुधा 'त्यांना माहीत नसेल' असं येईल. 'छान' म्हणून पुढे पळू नकोस. दृढीकरण कौशल्याने आपल्याला ही एक खोड लावली आहे, कुठल्याही उत्तरावर शाब्बासकी उधळायची. त्याऐवजी विचार, 'हे कशावरून?' मग कुणीतरी म्हणेल, ठराव कागदावर होता, गावात कोण पाणी भरू देतंय? आता इतिहासाचा पाठ नागरिकशास्त्रात शिरलाय, आणि तो तू ओढून आणलेला नाही.

त्यानंतर पुढचं सांग. मोर्चानंतर परतणाऱ्यांवर हल्ले झाले, तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं गेलं, प्रकरण कोर्टात गेलं, आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. १९२३ ते १९३७ ही रेघ फळ्यावर आखलीस की हक्क जाहीर होणं आणि हाती येणं यांतलं अंतर मुलांना डोळ्यांनी दिसतं. तारखा पाठ होतातच, पण एकमेकींना धरून होतात.

इथे एक पथ्य मात्र कडक पाळ. हा पाठ घेताना 'तुमच्या घरी असा अनुभव कुणाला आलाय का' असं भर वर्गात विचारू नकोस. तू आपुलकीने विचारशील, पण त्या मुलाची जात तू पन्नास जणांसमोर उघडी केलेली असेल आणि मधल्या सुट्टीत तू तिथे नसशील. तेच वंशावळीच्या प्रकल्पाचं. 'आजोबांपासून वंशवृक्ष काढून आणा' हे ज्याचे वडील घर सोडून गेलेत, जो आश्रमशाळेत वाढतोय, ज्याचे आईबाप ऊसतोडीला कारखान्यावर गेलेत, त्याला किती जड जातं, याचा विचार तो प्रकल्प देणारे क्वचितच करतात.

मौखिक इतिहासच हवा असेल तर १९७२ चा दुष्काळ घे. तेव्हा पंधरा-वीस वर्षांची असलेली माणसं आज सत्तरीत आहेत आणि गावोगाव भेटतात. स्वतःच्याच आजीला विचारायला हवं असं नाही, गल्लीतली कुठलीही आजी चालेल. खडी फोडायला कोण जायचं, मजुरी काय मिळायची, दुष्काळात वाटलेली सुकडी कशी लागायची, मिलो नावाच्या परदेशी ज्वारीची भाकरी कशी व्हायची, गावचा पाझर तलाव कधीचा? मुलं उत्तरं आणतील आणि ती एकमेकांशी जुळणार नाहीत. एक आजी मजुरीचा आकडा एक सांगेल, दुसरी दुसरा. हा गोंधळ निस्तरायची घाई करू नकोस. दोघींपैकी कोणाचं धरायचं आणि का, ही चर्चा म्हणजेच इतिहासाची पद्धत. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, हे पुस्तकातलं वाक्य मुलं त्यानंतर वेगळ्या कानांनी ऐकतात.

शिवकाल शिकवताना तर याची गरज दुप्पट. वर्गात घोषणा होतील, डोळे चमकतील. ते चमकू देत, त्यावर पाणी ओतायला जाऊ नकोस. पण सभासदाची बखर महाराजांच्या निधनानंतर, राजाराम महाराजांच्या काळात, जिंजीला लिहिली गेली, एवढं सांगून विचार की घटना घडत असताना लिहिलेल्या पत्रात आणि नंतर लिहिलेल्या बखरीत काय काय फरक पडू शकेल? कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कोणासाठी लिहिलं, हे तीन प्रश्न सहावीच्या मुलांनाही पेलतात. एखादा पालक तक्रार घेऊन आलाच, तर वाद घालू नकोस. मुख्याध्यापकांना आणि शाळेतल्या विषय शिक्षकांना आधी कल्पना दिलेली असली की तू एकटी पडत नाहीस.

भूगोलाकडे येऊ. तुझ्या वहीत 'नकाशा' हे शैक्षणिक साहित्य प्रत्येक पाठाला आहे आणि प्रत्येक पाठात तो खिळ्यालाच टांगलेला आहे. एकदा वर्गात विचारून बघ, 'उत्तर दिशा कुठे?' निम्मी बोटं छताकडे जातील. मुलांच्या लेखी उत्तर म्हणजे वर आणि दक्षिण म्हणजे खाली, कारण नकाशा त्यांनी कायम भिंतीवर उभाच पाहिलाय. तो खाली उतरव. दुपारी बाराच्या सुमाराला मुलांना मैदानात ने, एक काठी उभी रोव, सावली बघा म्हणावं. आपल्याकडे वर्षाचे बहुतेक महिने मध्यान्हीची सावली उत्तरेकडे पडते. नकाशा जमिनीवर अंथरून त्या सावलीशी जुळवा. मग सह्याद्री ज्या बाजूला नकाशात आहे त्याच बाजूला खरोखर आहे, हे कळून मुलं चकित होतात. कुणी विचारलंच, की मेमध्ये सावली का नाहीशी होते, तर शून्य सावलीच्या दिवसाचा पुढचा पाठ तुला आयता मिळाला.

पर्जन्यछायेसाठी, म्हणजे डोंगराआडच्या कमी पावसाच्या प्रदेशासाठी, पुस्तकातली आकृती काढून थांबू नकोस. तू सातारा जिल्ह्यात सराव करतेस, तुझ्यासारखं भाग्य कुणाचं नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यातल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. आकडे दे, नकाशा दे, आणि विचार की या दोन गावांत घराची छपरं, पिकं, लग्नसराईचे महिने, मुंबईला जाणारी माणसं, यांत काय फरक असेल? मुलांना याची उत्तरं तुझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. माणचे लोक मेंढरं घेऊन का फिरतात, हे मेंढपाळाच्या पोराला तू काय सांगणार! तिथे तू विचार आणि तो सांगू दे. दहावीच्या भूगोलात पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे, तोही बहुतेक शाळांत बाकावर बसूनच शिकवला जातो. प्रश्नावली तयार करायला सांगतात आणि ती कोणालाच विचारत नाहीत. त्यावर जास्त बोलत नाही, माझं डोकं फिरतं.

नागरिकशास्त्राला मुलं कंटाळतात, शिक्षकही कंटाळतात, आणि हा विषय सरावाला कुणी मागून घेत नाही. तू घे. त्याचं साहित्य घराघरांत पडलेलं असतं: घरपट्टीची पावती, पाणीपट्टीचं बिल, ग्रामसभेची नोटीस. पावतीवर कोणकोणते कर आहेत, 'दिवाबत्ती कर' म्हणजे काय, आपल्या गल्लीतला दिवा लागतो का, नसेल तर कोणाकडे जायचं? एका पावतीवर अख्खा तास निघतो. शहरातल्या शाळेत असशील तर त्याहून अवघड प्रश्न येईल. पुस्तक सांगतं, महापालिकेची मुदत पाच वर्षांची. पण २०२२ पासून पुढे काही वर्षं मुंबई-पुण्यासह कितीतरी महापालिकांत नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार पाहत होते. मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे असं संविधानच म्हणतं. एखादी मुलगी विचारेल, मग हे कसं चाललं? 'हे आपल्या अभ्यासक्रमात नाही' असं म्हणालीस तर नागरिकशास्त्र तिथेच संपलं. आरक्षण, प्रभागरचना, न्यायालयातली प्रकरणं, जेवढं तुला नीट माहीत आहे तेवढं सांग. कुठल्या पक्षाचं बरोबर, हे मात्र तुझ्या तोंडून जाऊ देऊ नकोस. मुलांनी खोदून विचारलं तरी नाही.

आता तू म्हणशील, सर, पस्तीस मिनिटांचा तास, त्यात पाच मिनिटं हजेरीत जातात, आणि शाळेतले सर म्हणतात, 'मॅडम, प्रयोग नंतर, आधी पोर्शन संपवा.' त्यांचंही खोटं नाही. दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर चाळीस गुणांचा, भूगोलाचा चाळीसचा, आणि निकाल त्यांच्या नावावर लागतो, तुझ्या नाही. म्हणून प्रत्येक तास असा घेऊ नकोस. घटकात एक पाठ पुराव्याचा, बाकीचे सरळ, नेटके, वेळेत. त्या सरांच्या वह्या तपासायला मदत कर, घटक चाचणीचे पेपर काढून दे. महिन्याभरात तेच म्हणतील, 'तो महाडचा कागद आमच्या ब तुकडीलाही द्या.' २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि दुसऱ्या वर्षी शाळेत १६ आठवडे मिळू लागले, त्याचा खरा फायदा हाच. पूर्वीसारखं पाठ उरकून पळायचं नाही, शाळेत रुळायला वेळ आहे. अनेक जण तो हजेरीपुरता वापरतात.

वार्षिक पाठाची, म्हणजे परीक्षेच्या पाठाची काळजी आत्तापासून नको. बाह्य परीक्षक बहुधा मधेच येतात, थोडा वेळ बसतात, वही चाळतात. त्यांना टाचणाच्या ठरलेल्या पायऱ्या दिसल्या पाहिजेत, तर दाखव. हेतुकथनाच्या जागी तुझा प्रश्न लिही, शैक्षणिक साहित्यात तुझा अर्धा कागद लिही, शेवटच्या उजळणीत, म्हणजे संकलनात, मुलांनी दिलेली दोन परस्परविरोधी उत्तरं लिही. साच्यात राहूनही हे सगळं बसतं. साच्याशी भांडण्यात बळ घालवू नकोस. आणि हो, फलकलेखनाचा शेरा बरोबर आहे. तुझी ओळ उजवीकडे चढत जाते. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात रोज दहा ओळी लिही, आठवड्यात सुधारेल.

पुढच्या पाठाचं टाचण मला आधी पाठवू नकोस. मुलांच्या हातात द्यायचा कागद तेवढा पाठव. आणि पाठ झाल्यावर, मुलांनी दिलेली चुकीची उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून पाठव. बरोबर उत्तरं नकोत, ती मला माहीत आहेत.

तुझे,
सर