पान उलटलंस का?

तुझा एवढा मोठा मेसेज वाचला आणि पहिला विचार आला तो हा की या मुलाने सगळं लिहिलं, चित्राबद्दल मात्र एक ओळ नाही. गाईड म्हणतात विषय बदल, अहमदनगरच्या निजामशाहीतल्या बारा चित्रांवर कुठे पीएचडी होते का, मित्र म्हणतो डिजिटल काहीतरी घे त्याला फंडिंग आहे, सेमिनारमध्ये कोणीतरी उठून विचारलं की ही चित्रं आपली कशी काय, आणि तू रात्रभर जागा. कळलं सगळं. पण मला एवढंच सांग, तू पान उलटून बघितलंस का?

नाही बघितलंस. मला माहितीये, कारण तू पाठवलेल्या चॅप्टरमध्ये सगळे फोटो पुस्तकांतल्या छापील प्लेट्सचे आहेत आणि तेही कडा कापलेले. तुझी चित्रं ज्यात आहेत ते तारीफ-इ-हुसेनशाहीचं हस्तलिखित पुण्यात आहे, भारत इतिहास संशोधक मंडळात, तू नगरचा, एसटीने तीन-साडेतीन तास, आणि तू लंडन-डब्लिनच्या वेबसाइट झूम करत बसलायस! चिडले आहे थोडी, पण वाच पुढे.

आता गाईडचं म्हणणं. बारा चित्रं म्हणजे कमी, हे कोणी ठरवलं? हुसेन निजामशाह 1565 च्या जानेवारीत तालीकोटची लढाई जिंकून आला आणि त्याच वर्षी गेला. मुलगा मुर्तझा लहान, कारभार राणी खुंझा हुमायूनच्या हातात, आणि 1569 च्या सुमाराला त्याच मुलाने आईला कैदेत टाकलं. तारीफ-इ-हुसेनशाही म्हणजे आफताबी नावाच्या कवीचं हे फारसी काव्य आणि त्यातली चित्रं या मधल्या काळातली धरतात, कारण राणीला त्यात जे स्थान आहे ते एरवी कोणी दिलं नसतं, राजाला खेटून सिंहासनावर बसलेली. आणि मग बहुतेक चित्रांत तिची आकृतीच कोणीतरी घालवून टाकलीय. हे तू लिहिलंयस, बरोबर लिहिलंयस, त्यावर जेंडर आणि गेझ वगैरे दहा पानं पण लिहिलीयस. पण ती घालवली कशी, हे त्या दहा पानांत कुठेच नाही. घासून की वरून रंग फासून? ओल्या बोटाने की चाकूच्या पात्याने? हे समोरून नेहमी कळतंच असं नाही, बरेचदा मागून कळतं. कागद खरवडला असेल तर मागून उजेड धरल्यावर तिथे तो पातळ दिसतो, तंतू उठलेले असतात, आणि नुसता रंग चढवला असेल तर मागचा कागद तसाच शांत असतो. एखाद्याने चिडून बोटं फिरवली की दरबाराच्या हुकमाने चिताऱ्याने बसून व्यवस्थित झाकलं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुझा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. म्हणून म्हणते, पान उलट.

मागची बाजू म्हणजे काय काय असतं हे तुला कोणी शिकवलंच नाहीये असं दिसतंय, त्यात तुझा दोष नाही, आपल्याकडच्या अभ्यासक्रमात चित्र म्हणजे स्लाइड. तांब्यापासून करायचे तो हिरवा, जंगाल, तो कागद खातो. पुढे गवत दिसतं, झाड दिसतं, आणि मागे त्याच आकाराचा तपकिरी डाग उमटलेला असतो, कधीकधी कागद तिथेच तडकून गळून पडतो. आता विचार कर, वर कोणी नंतर दुसरा रंग चढवला, हिरवी साडी झाकली, तरी मागचा तपकिरी डाग काही जात नाही. एका खाजगी संग्रहात मी एक सुटं दख्खनी पान बघितलं होतं, पुढे नुसती मोकळी पिवळी जमीन आणि मागे अगदी स्पष्ट, एका उभ्या बाईच्या पदराचा तपकिरी आकार, खाली निमुळता होत गेलेला. पुढून बघणाऱ्याला ती बाई कधीच दिसली नसती. त्या घरातली मंडळी पान पुन्हा हातात द्यायला तयार झाली नाहीत, फोटो काढू दिला नाही, पुढे वाडा विकला गेला आणि ते पान कुठे गेलं कोणालाच माहीत नाही. हे मला अजून लागतं. रोज नाही, पण लागतं.

आणि फक्त रंगच नाही. विजापूर 1686 ला पडलं, गोवळकोंडा 1687 ला, मग अदोनी. बिकानेरचा अनुपसिंह औरंगजेबाच्या बाजूने दख्खनेत होता, अदोनीचा कारभार त्याच्याकडे होता, आणि तिथून दख्खनी चित्रं बिकानेरला गेली. तुझ्या पुस्तकांत हे एका वाक्यात येतं आणि संपतं. पण बिकानेरच्या संग्रहातल्या कित्येक चित्रांच्या मागे संग्रहाच्या नोंदी आहेत, आकडे आहेत, देवनागरीत, कारकुनी हातातल्या, आणि चित्र कुठून कुठे गेलं हे असल्या नोंदींवरून उलगडत जातं. ग्रंथांच्या पहिल्या-शेवटच्या पानांवर शिक्के असतात, तपासणीचे अर्ज-दीदे असतात, तारखा असतात, किमती असतात. हे कोणी प्लेट म्हणून छापत नाही कारण ते सुंदर दिसत नाही. तुला सुंदर प्लेट्सचं पुस्तक करायचंय का? मग कर, छान विकलं जाईल.

देमोतचं प्रकरण तुला माहीत असायला हवं, नसेल तर आत्ता वाच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये जॉर्ज देमोत नावाचा व्यापारी होता, त्याच्या हातात शाहनाम्याचं, म्हणजे फारसी महाकाव्याचं, इराणमधलं चौदाव्या शतकातलं मोठं सचित्र हस्तलिखित आलं. गिऱ्हाईकं चित्रांची, मजकुराची नाहीत, म्हणून त्याने सगळी पानं सुटी करून विकली. ज्या पानाच्या दोन्ही बाजूंना चित्रं होती ते पान जाडीतून सोललं, कांद्यासारखं, एकाची दोन केली आणि ती भलत्याच मजकुराच्या पानांवर चिकटवली. आज अभ्यासक बसलेत जुळवत की कुठलं चित्र कुठल्या ओळींच्या शेजारी होतं. एवढं सगळं का झालं, तर चित्राला फक्त पुढची बाजू असते असं ज्यांना वाटतं त्यांनी ते विकत घेतलं म्हणून. आपण अभ्यासक लोक स्लाइडवर अभ्यास करून तेच करतो, फरक एवढाच की आपण पान फाडत नाही.

मला लोक म्हणाले, अजून म्हणतात, की बाईंनी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं. हो, एकच लिहिलं. माझ्या बरोबरीच्यांनी प्लेट्सवरून पाच-पाच लिहिली, प्रोफेसर झाले, मला त्याचं काही नाही. एका संग्रहालयाने मुरक्क्याची, म्हणजे चित्रं आणि सुलेखनाच्या जुन्या आल्बमची, सुटी पानं डिस्प्लेसाठी जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचं ठरवलं तेव्हा मी समितीत होते, मागे खत, म्हणजे सुलेखन, आहे, सही आहे, असं ओरडून सांगितलं, तर मला म्हणाले मॅडम पब्लिकला मागची बाजू कोण दाखवणार. पानं चिकटवली गेली आणि पुढच्या वर्षी समितीत माझं नाव नव्हतं. मी तेव्हा जे बोलले ते आजही तसंच बोलेन, आवाज थोडा अजून चढवून. फारसी मी नोकरी सांभाळून संध्याकाळी शिकले, घरचे वैतागले, प्रमोशन लांबलं, पण ती सही मी वाचली होती, चिकटवायच्या आधी, स्वतःच्या डोळ्यांनी. माझ्या पुस्तकातलं ते एक प्रकरण अजून कोणाला खोडता आलेलं नाही आणि ते मागच्या बाजूवर लिहिलेलं आहे. तेव्हा एक पुस्तक की पाच, हा हिशोब माझ्यासमोर मांडू नकोस.

तू विचारलंस फारसी खरंच लागेल का, भाषांतर आहे ना. लागेल. भाषांतर काव्याचं झालेलं असतं, मागच्या पानावरच्या खरडीचं कोणी करत नाही. नस्तालिक, म्हणजे फारसीचं ते वळणदार अक्षर, वाचता येईपर्यंत चाचपडशील, चाचपड. मोडी येत नसेल तर तीही शीक, ती त्यामानाने लवकर हाताला बसते.

आणि तो सेमिनारमधला प्रश्न, ही चित्रं आपली कशी. त्याला उत्तर देत बसू नकोस, चित्र दाखव. त्या हस्तलिखितात एक तरुणी झाडाला हात लावते आणि झाड फुलतं, हे आपल्या देवळांच्या खांबांवर शतकानुशतकं आहे. आकाश सोनेरी, ते इराणकडून आलंय, आणि उंच बायका, चोळी, साडी, गोंडे लावलेली लांब वेणी, यांचं नातं थेट लेपाक्षीच्या देवळातल्या भित्तिचित्रांशी दिसतं, म्हणजे विजयनगरच्या परंपरेशी. त्याच हस्तलिखितात विजयनगरच्या रामरायाचा शिरच्छेदही चितारलाय. ज्याला आपलं-परकं करायचंय त्याने आधी या दोन पानांसमोर बसावं आणि मग बोलावं. मालोजी, शहाजी याच निजामशाहीच्या चाकरीत होते हे तुझ्या नगरात पोराटोरांना माहीत असतं, तिथे तू का गडबडलास मला कळलं नाही.

देवळांचंही तेच आहे बरं का, विषय बदलायचाच म्हणून तू देवळांकडे वळणार असलास तर सांगून ठेवते. जुनं दगडी देऊळ दिसलं की लोक हेमाडपंती म्हणून मोकळे होतात. हेमाद्री तेराव्या शतकातला यादवांचा मंत्री, आणि अंबरनाथच्या शिलालेखात शके 982 आहे, म्हणजे 1060, सरळ दोनशे वर्षं आधी. तो लेख पुढच्या शिल्पांत शोधून सापडायचा नाही, उत्तरेच्या दारावरच्या तुळईकडे मान वर करून बघावं लागतं. विषय बदललास तरी ही कटकट तुझ्या मागे येणारच आहे, मग तुझ्याच गावचा विषय का सोडतोस?

तेव्हा आता हे कर. मंडळाला रीतसर पत्र लिही, तुझ्या विभागाचं पत्र जोड, कुठली पानं बघायची आणि कशासाठी ते स्पष्ट लिही, आणि मागची बाजूसुद्धा बघायची आहे हे वेगळ्या वाक्यात लिही, नाहीतर समोर फोटोच ठेवतील. जुनी चीज आहे, हातात देतील न देतील तो त्यांचा अधिकार, ते म्हणतील तसं वागायचं, पान त्यांनाच उलटू दे. पेन्सिल ने, पेन नाही. भिंग ने, फूटपट्टी ने, टॉर्च विचारल्याशिवाय बाहेर काढू नकोस. पहिल्या दिवशी चित्रांकडे जायचंच नाही, पानं मोजायची, कुठे क्रम तुटलाय, कुठे मजकूर मध्येच थांबतो, कुठे समोरच्या पानाचा रंग उमटलाय ते लिहायचं. मग प्रत्येक चित्रासाठी वहीत दोन पानं, एक पुढचं एक मागचं, आणि मागे काही नसेल तर काही नाही असं लिहायचं, ते पान कोरं सोडायचं नाही. थिअरीचं पुस्तक त्या आठवड्यात घरी ठेव.

घरी येताना नगरच्या दमडी मशिदीवरून जा, सोळाव्या शतकातलीच आहे, त्याच दरबाराच्या काळातली. वेलबुट्टी नीट बघ, आणि चित्रांतल्या गालिच्यांवरच्या नक्षीशी काही जुळतंय का ते मला सांग, हे मी कधीपासून कोणालातरी करायला सांगतेय आणि कोणी मनावर घेत नाही.

गाईडना मी फोन करणार नाही, तू हळूच सुचवलंयस ते कळलं मला. वहीतल्या नोंदींचे फोटो आधी मला पाठव, अक्षर कसंही असू दे, त्या वाचून मी दोन दिवसांत कळवते, आणि मग गाईडकडे काय घेऊन जायचं ते आपण बसून ठरवू.