पैसा आला आणि जुनी थकबाकी जागी झाली

“मॅडम, गरीब होतो तव्हा एका ताटात जेवत होतो. पैसा आला अन् पोटची लेकरं वैरी झाली. यांचा लोभ कसा सोडवू, सांगा.”

सुमनबाईंनी समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत मला हा प्रश्न विचारला. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) जालना, बदनापूर, शेंद्रा, बिडकीन या पट्ट्यातून तो माझ्याकडे वारंवार येतो, कारण इथली पुष्कळ जमीन रस्त्यांत आणि उद्योगांत गेली. एकट्या समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर. त्यासाठी २०१७ पासून थेट खरेदीने जमिनी घेतल्या गेल्या आणि सरकारी दराच्या पाचपट मोबदला मिळाला. ज्या खात्यात तोवर अनुदानाचे दोन-चार हजार यायचे, त्यात एका दिवसात आलेली रक्कम वाचायला सुमनबाईंच्या घरी शेजारच्या पोराला बोलवावं लागलं होतं.

चार एकर वडिलोपार्जित जमीन, त्यातली अडीच एकर रस्त्यात गेली. घरात नवरा, म्हणजे बापू, दोन मुलगे, थोरली सून, नातवंडं. मुलगी अंबड तालुक्यात दिलेली. सुमनबाई आल्या त्या खरं तर झोप येत नाही म्हणून. पासबुक उशीच्या खोळीत ठेवून झोपायच्या आणि रात्रीतून तीनदा चाचपून बघायच्या.

सहा महिन्यांत काय काय घडलं ते त्यांनी एका दमात सांगितलं. धाकट्याने पांढरी चारचाकी घेतली. थोरला जालन्यात प्लॉट मागत होता, तोही स्वतःच्या नावावर. मुलीला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलं, साडीचोळी पुढं केली. ती सही न करता उठली आणि राखीला आली नाही. बापूंनी गावातल्याच एकाच्या सांगण्यावरून सहा लाख ‘महिन्याला पाच टक्क्या’च्या योजनेत घातले. दोन महिने व्याज आलं, तिसऱ्या महिन्यात फोन बंद. तेव्हापासून बापू रोज पिऊन येत होते.

इथे मी एक चूक केली आणि ती सांगायलाच हवी. मला वाटलं, या लोकांना पैसा सांभाळायची माहिती नाही, तेवढी दिली की भांडण मिटेल. सगळ्यांना एकत्र बसवलं आणि मुदत ठेव, वारसनोंद, कुणाचा किती वाटा, हे बोलायला लागले. दहा मिनिटांत थोरला उठला. “बारा भट्ट्यांचा धूर मी खाल्ला अन् वाटणी हे करणार,” एवढंच बोलून गेला. त्याच्या मागे सून गेली. सुमनबाई पदराचं टोक तोंडात धरून बसून राहिल्या.

मग मी प्रत्येकाला वेगळं भेटले आणि एकच विचारलं : पैसे आले हे कळलं त्या रात्री तुमच्या मनात पहिलं काय आलं?

थोरला २०१२ मध्ये दहावीत होता. त्या वर्षीचा दुष्काळ जालन्यातला कुणी विसरणार नाही. मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या, लोकांनी खोडं तोडून सरपणाला नेली. यांची सव्वाशे झाडं होती. ती वाचवायला टँकर लावले, टँकरसाठी कर्ज झालं, कर्जासाठी याने शाळा सोडली आणि जालन्याच्या सळईच्या कारखान्यात भट्टीसमोर उभा राहिला. झाडं गेलीच. पगार मात्र सहा वर्षं बापूंच्या हातात येत राहिला. “मला प्लॉटचं काय करायचंय? पण माझ्या नावावर एक गोष्ट असावी का नाही?” असं तो म्हणाला, आणि मला प्लॉट आठवेनासा झाला.

मुलीचं लग्न २०१३ च्या उन्हाळ्यातलं. कबूल केलेलं एक तोळं सोनं द्यायचं राहिलं होतं. माहेरी तो विषय कुणी काढला नाही, सासरी एक दिवस असा गेला नाही की निघाला नाही. तिला जमीन नको होती. ती मागत होती ते तोळं, आणि “द्यायचं राहिलं” हा शब्द.

धाकट्याला सगळे उधळ्या म्हणत होते. तो आयटीआय झालेला, अकरा ठिकाणी मुली बघून आलेला. नोकरी नाही, जमीन दीड एकर. मराठवाड्यात आज शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळवणं काय असतं, हे ज्या घरात असा पोरगा आहे त्यालाच विचारावं. त्याने सांगितलं, “दारात गाडी दिसली की पाहुणे निदान चहा तरी घेतात.”

बापू सगळ्यात उशिरा बोलले. लहानपणी सालगडी म्हणून राहिलेला माणूस. आयुष्यभर हात पसरून उभं राहायची सवय. पैसे आल्यावर पहिल्यांदा लोक त्यांच्या ओट्यावर येऊन बसले, “बापू, तुम्हीच काहीतरी करा” म्हणाले. योजनेवाल्यानेही खुर्ची दिली होती, थंड पाणी दिलं होतं. ते सांगताना रडले आणि म्हणाले, “आता जगून काय करू?”

असं कुणी म्हणालं की मी पैशाचं सगळं बोलणं बंद करते. थेट विचारते, मरायचा विचार येतो का, कसा येतो. घरात कापसाच्या फवारणीचं औषध होतं, ते त्याच दिवशी थोरल्याने उचलून दुसरीकडे नेलं. पुढचे आठ दिवस बापूंना एकटं झोपू दिलं नाही, जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. आता टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. तेव्हा तो नव्हता. तुमच्या घरात मोबदल्याचे पैसे बुडाले असतील तर आधी बुडवून बसलेल्या माणसाकडे बघा. “कुणी सांगितलं होतं टाकायला?” हा प्रश्न वर्षभर मागे ठेवला तरी चालतो.

या घराला मी लोभी म्हणणार नाही. गरीब घर एकमेकांच्या उपासावर चालतं. एकाने शाळा सोडायची, एकीने दागिना, एकाने मान. तेव्हा कुणी हिशोब मागत नाही, कारण द्यायला कुणाकडेच काही नसतं. पैसा आला की सगळ्यांची थकबाकी एकाच दिवशी दारात येऊन उभी राहते. ती कुणाला शब्दांत मागता येत नाही, म्हणून प्लॉट, गाडी, वाटा अशा नावांनी मागितली जाते. खरा लोभही असतो. योजनेवाल्याचा होता. बहिणीला साडीवर भागवू पाहणाऱ्या भावांत आणि बापातही होता, आणि तो मी त्यांच्या तोंडावर अन्याय म्हटला. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून तसा कायदा आहे, आणि त्या तारखेला वडील हयात नसले तरी तो लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. हक्कसोड ही बहिणीची मर्जी असते. चहापाण्यात उरकायची सही नव्हे.

पुढच्या बैठकीला मुलगीही आली. मी शाळेची दोनशेपानी वही मध्ये ठेवली. तीत रुपये लिहायचे नाहीत, कुणाचं कोणत्या साली काय राहिलं एवढंच लिहायचं, असं ठरलं. धाकट्याचं अक्षर चांगलं म्हणून तो लिहायला बसला. ‘२०१२, दादाची शाळा’ असं त्याने लिहिलं आणि त्याचा हात थांबला. तेव्हा तो चौथी-पाचवीतला पोरगा नव्हता, चांगला कळता होता, त्याच्या आयटीआयची फी त्या भट्टीच्या पगारातून गेली होती. तो वर न बघता म्हणाला, “दादा, मला माहीत होतं.” बापूंनी हात जोडले. थोरल्याने ते सोडवले नाहीत, नजर वळवली. लगेच गळ्यात गळे पडले असं काही झालं नाही.

ही वही भरायला तीन बैठका लागल्या. पैशाचं बोलणं त्यानंतर एका दुपारी झालं. मुलीचं तोळं सगळ्यात आधी, आणि तिचा वाटा कागदावर. थोरल्याच्या नावावर लहान प्लॉट. गाडी ठेवली, धाकटा ती भाड्याने चालवतो. आईबापाच्या वाट्याची रक्कम दोघांच्या संयुक्त नावाने, वेगवेगळ्या बँकांत. (बँक बुडाली तर एका बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंतच विमा मिळतो, २०२० पूर्वी तो १ लाखाचा होता.) आईबापाने सगळं मुलांच्या नावावर करून टाकू नये, यावर मी अडून बसले. योजनेवाल्याची तक्रार पोलिसांत दिली. सहा लाख आजतागायत परत आलेले नाहीत.

सुमनबाईंच्या नावापुढे वहीत बराच काळ काही नव्हतं. “माझं काय राह्यलंय?” म्हणायच्या. तिसऱ्या बैठकीत मुलीनेच सांगितलं : माहेरची सोन्याची पोत. २०१२ ला टँकरसाठी गहाण पडली, सोडवली गेलीच नाही. सुमनबाई चिडल्या, “कशाला काढतीस ते?” पण धाकट्याने लिहून टाकलं होतं.

थोरला आता जालन्यात वेगळा राहतो. पोळ्याला येतो, बैलाला निवद दाखवून संध्याकाळी परत जातो. बापूंची दारू सुटली, दोनदा परत लागली, आता वर्षभर बंद आहे. धाकट्याचं लग्न झालं.

पोत अजून केलेली नाही. पैसे बाजूला काढून ठेवलेत, पण भाव उतरला की करू म्हणतात. त्या बैठकीच्या वर्षी, २०१९ मध्ये, तोळा पस्तीस हजारांच्या आसपास होता. आज लाखाच्या पुढे गेलाय. मागच्या आठवड्यात मी त्यांच्या मुलीला फोन केला आणि म्हटलं, आईला न विचारता सराफाकडे जा.