तुम्ही विचारलंत: सर्व्हेवाले पावसाळ्यात का येत नाहीत?

मी बडोद्यात एका पर्यावरण कन्सल्टन्सीत इकॉलॉजिस्ट आहे असं मागच्या अंकात लिहिलं होतं, त्यावर पत्रं आणि मेसेज बरेच आले. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले तेवढे घेते.

ताई, मुलीने एमएस युनिव्हर्सिटीतून बॉटनीत एमएस्सी केलं. आता एका पर्यावरण कन्सल्टन्सीत नोकरी मिळतेय. हे काम नक्की काय असतं ते आमच्या घरात कोणालाच माहीत नाही, आणि नणंद म्हणते ही माणसं कंपनीला हवं तसं लिहून देतात. हो म्हणावं का?
— एक आई, कारेलीबाग

काकू, आधी काम सांगते. कुठे मोठा कारखाना, खाण, बंदर, हायवे यायचा असेल तर २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास) नोटिफिकेशनप्रमाणे त्याचा आजूबाजूला काय परिणाम होणार हे आधी अभ्यासावं लागतं आणि मगच मंजुरी मिळते. हवा, पाणी, आवाज, लोकांचं जगणं, प्रत्येकाचा एक्स्पर्ट वेगळा, त्यातला झाडं-प्राणी-पक्षी हा भाग आमचा. साइटच्या चारी बाजूंनी साधारण दहा किलोमीटरचा टापू बघायचा असतो.

तुमची मुलगी दोरीने दहा बाय दहा मीटरचा चौकोन आखेल, त्यातल्या प्रत्येक झाडाचं नाव लिहील आणि जमिनीपासून १.३७ मीटरवर टेप गुंडाळून खोडाचा घेर मोजेल. मग झुडपांसाठी त्याहून लहान चौकोन आणि गवतासाठी एक बाय एक मीटरचा. हा शेवटचा चौकोन दिसायला सगळ्यात छोटा पण वेळ सगळ्यात जास्त तोच खातो, कारण फुलोरा नसेल तर गवत ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही, पातं जिथे काडीला चिकटतं तिथे एक बारीकशी पापुद्र्याची जीभ असते, कधी नुसते केस असतात, ते भिंग लावून बघायचं, उकिडवं बसून, उन्हात. पक्ष्यांसाठी उजाडायच्या आत जागेवर पोचायचं, संध्याकाळी चिखलातले ठसे आणि लेंड्या बघायच्या, आणि हॉटेलवर येऊन त्याच रात्री डेटाशीट भरायची कारण दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

नणंदबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. अभ्यासाचे पैसे प्रकल्पवालाच देतो, व्यवस्थाच तशी आहे, आणि मला ती पटत नाही. हे पैसे एखाद्या स्वतंत्र फंडातून यायला हवेत असं माझं ठाम मत आहे. पण म्हणून चांगल्या माणसांनी या कामात येऊच नये असं नाही, उलट यायला हवं. सावली बाजूला एका प्लॉटच्या कोपऱ्यात छोटं तळं होतं, नकाशात तिथे पार्किंग दाखवलं होतं. तळ्यात कासवं होती, काठावर टिटव्यांनी उघड्या मातीवर अंडी घातलेली, मातीच्याच रंगाची, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. आम्ही ते फोटोसकट मांडलं, इंजिनिअरने पार्किंग उचलून दुसऱ्या बाजूला नेलं आणि तळं राहिलं. नकाशा कच्चा असताना असं सहज होतं, भिंत बांधून झाल्यावर काही होत नाही. म्हणून आमच्या कामात पहिला नियम टाळण्याचा, टाळता येत नसेल तर नुकसान कमी करा, मग बिघडलेलं दुरुस्त करा, आणि दुसरीकडे झाडं लावून भरपाई हा अगदी शेवटचा उपाय. बरेच जण थेट शेवटच्यावर उडी मारतात.

तेव्हा हो म्हणा. फक्त इंटरव्ह्यूत तिने नीट विचारून घ्यावं की फील्डला खरंच किती दिवस मिळतात आणि तिचं नाव ज्या रिपोर्टवर जाणार त्याचा फायनल ड्राफ्ट तिला वाचायला मिळतो का. एकटीला फील्डवर पाठवणारी जागा असेल तर सरळ नाही म्हणायचं. आणि घोट्याच्या वर येणारे चांगले बूट तेवढे तुम्ही घेऊन द्या.

आमची वडिलोपार्जित जमीन पादरा तालुक्यात आहे. शेजारी केमिकलचा कारखाना येतोय. एप्रिलमधे दोन मुलं बाइकवर आली, फोटो काढून गेली. आता रिपोर्टमधे लिहिलंय की जागा पडीक आहे आणि महत्त्वाचे वन्यजीव नाहीत. पब्लिक हिअरिंग लागलंय, आम्ही बोलायचं तरी काय?
— एक शेतकरी

दादा, तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा पूर्ण ड्राफ्ट रिपोर्ट मिळवा, नुसता सारांश नको. सारांश गुजरातीत असतो, पूर्ण रिपोर्ट इंग्रजीत, पण तो कलेक्टर ऑफिस आणि जिल्हा पंचायतीत बघायला ठेवावाच लागतो आणि हिअरिंगची नोटीस निदान ३० दिवस आधी पेपरात यावी लागते. घरातल्या कॉलेजच्या पोराला बरोबर न्या. त्यातलं तिसरं प्रकरण म्हणजे आज तिथे काय आहे, चौथं म्हणजे काय बिघडणार, आणि अगदी शेवटच्या प्रकरणात कन्सल्टंटची माहिती असते, तिथे इकॉलॉजीच्या एक्स्पर्टचं नाव बघा.

आता तिसऱ्या प्रकरणातली प्राण्या-पक्ष्यांची यादी तुम्हीच तपासा, त्याला डिग्री लागत नाही. तुमच्या शिवारात मोर आहेत ना? असणारच. मोर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल एकमधे, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, घोरपड पण आहे. मग दहा किलोमीटरच्या टापूत शेड्यूल एकचा एकही प्राणी नाही असं वडोदरा जिल्ह्यातला रिपोर्ट म्हणत असेल तर ती माणसं गावात फिरलीच नाहीत किंवा फिरून लिहिलं नाही. यादीत शेकरू दिसलं तर यादी कुठल्या तरी डोंगरी जंगलाच्या रिपोर्टमधून उचललेली आहे. सर्व्हे मे महिन्याचा आणि यादीत पट्टकादंब हंसांचे थवे, तरी तेच, हे हंस थंडीत येतात आणि उन्हाळा तापायच्या आधी निघून जातात.

आणि पडीक हा शब्द. रेव्हेन्यूच्या कागदावर जिथे पीक नाही ते सगळं पडीक, पण गवताळ माळावर धाविक, चंडोल, पखुर्ड्या, ससे, कोल्हे जगतात, भरवाडांच्या गाईगुरांची चराई तिथेच होते. सर्व्हे टीमने गुराख्यांशी बोलणं केलं का ते हिअरिंगमधे विचारा. मी स्वतः नवीन गावात गेले की आधी गुराख्याला गाठते, कोणतं जनावर कुठल्या ओहोळाने पाण्यावर येतं हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

सगळ्यात मोठा मुद्दा मात्र ऋतूचा. साधारणपणे एका सीझनचा डेटा चालतो आणि तो सीझन पावसाळा सोडून, कारण हवेचं प्रदूषण मोजायला पावसाळा कामाचा नाही. हवेसाठी ते बरोबर आहे, पण जिवंत गोष्टींसाठी अगदी उलटं. आपल्याकडची निम्मी छोटी रोपं पहिल्या पावसानंतर उगवतात आणि दिवाळीपर्यंत वाळून जातात. बेडूक जमिनीखालून वर येतात ते पावसाने. तणमोराचं बघा, जगातून जवळजवळ संपत आलेला पक्षी, गुजरातच्या गवताळ माळांवर वीण घालतो ती पावसाळ्यात, तेव्हाच नर गवतातून उंच उड्या मारतो आणि तेव्हाच दिसतो, एरवी बाजूने गेलात तरी कळत नाही. एप्रिलमधे येऊन तो नाही असं लिहिणं म्हणजे शोधलंच नाही असं लिहिणं. तुमच्या माळावर तणमोर आहे असं मी म्हणत नाही, पण नाही हे कोणी तरी पावसात जाऊन बघितल्याशिवाय ठरत नाही.

म्हणून हिअरिंगला एकच मागणी नीट लिहून द्या: पावसाळ्यातला सर्व्हे करून मगच फायनल रिपोर्ट. लेखी द्या आणि बोला पण. हिअरिंगचं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं, शेवटी मिनिट्स लोकांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवायचे असतात, तुमचा मुद्दा त्यात आला का ते ऐकूनच उठा. तिथे मांडलेल्या मुद्द्यांना फायनल रिपोर्टमधे उत्तर द्यावं लागतं आणि तेच मंजुरीआधी प्रकल्प तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या कमिटीपुढे जातं. कोरम वगैरे नसतो, म्हणजे गावातली पाचच माणसं आली तरी हिअरिंग झालं असं धरतात, त्यामुळे आपण नाही गेलो तर ते होणार नाही असं समजून घरी बसू नका. मोबाइलमधे मोराचे, घरट्यांचे, तळ्याचे फोटो तारखेसकट असतील तर प्रिंट काढून जोडा.

विश्वामित्रीच्या मगरी दर पुरात सोसायट्यांमधे शिरतात. सगळ्या पकडून लांब का सोडत नाहीत? आणि तुम्ही लोक त्या मोजता कशा?
— एक वाचक, समा

भीती वाटणं साहजिक आहे, ऑगस्ट २०२४ च्या पुरात आपण सगळ्यांनीच ते बघितलं. पण मगरी कुठून आलेल्या नाहीत, विश्वामित्री पावागडावरून निघून शहरातून पुढे ढाढर नदीला मिळते आणि हा अख्खा पट्टा त्यांचंच घर आहे. लांब सोडलेली मगर जमिनीवरून चालत परत येऊ शकते, आणि नाही आली तरी रिकामी झालेली जागा वरच्या-खालच्या पाण्यातली दुसरी मगर घेते. शिवाय मगर शेड्यूल एकमधे, परवानगीशिवाय हात लावता येत नाही.

मोजायच्या दोन पद्धती. थंडीत सकाळी ऊन वर आलं की त्या काठावर अंग शेकायला येतात, तेव्हा दुर्बिणीने मोजायच्या. दुसरी रात्रीची, ठरलेल्या पट्ट्यातून हळूहळू जात पाण्यावर टॉर्च मारायचा, डोळे तांबूस-केशरी चमकतात. दोन डोळ्यांमधलं अंतर आणि नाकाडाची लांबी जवळून दिसली तर आकार लिहायचा, नाही तर नुसतं डोळे म्हणून लिहायचं, अंदाजाने फूट टाकायचे नाहीत.

मला मगरींपेक्षा काळजी वाटते काठाची. त्या मातीच्या उभ्या काठात बिळं करतात, साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमधे काठावर खड्डा खणून अंडी घालतात आणि पावसाच्या तोंडावर पिल्लं निघतात. आणि नेमकं त्याच महिन्यांत, पाणी कमी असतं म्हणून, नदीत जेसीबी उतरतात. २०२५ च्या उन्हाळ्यात खोलीकरण झालं तेव्हा शहरात याच्यावर बरीच चर्चा झाली. पूर कमी व्हायला हवा यात वाद नाही, पण कुठला तुकडा आधी घ्यायचा, कुठला पिल्लं निघाल्यावर घ्यायचा हे काठ पायी फिरून ठरवता येतं, त्यासाठीच इकॉलॉजिस्ट असतात. आणि काठ सरसकट दगड-सिमेंटने बांधला तर मगरीला बीळ कुठे करायचं तेच राहत नाही, मग ती दुसरीकडे जागा शोधणार.

सोसायटीत मगर दिसली तर फॉरेस्ट खात्याला फोन, गर्दी नाही, काठ्या नाहीत, व्हिडिओसाठी जवळ जाणं अजिबात नाही. आणि मटणाचा कचरा नदीत टाकणं बंद करा, अर्धं काम तिथे होतं.

सोसायटीच्या कुंपणाला कोनोकार्पस लावलाय, आता सगळे काढा म्हणतात. खरंच वाईट आहे का?
— सोसायटी सेक्रेटरी, गोत्री

हो. गुजरात वनविभागाने २०२३ मधे त्याची लागवड बंद केलीय, परागकणांमुळे सर्दी-दम्याचा त्रास होतो आणि मुळं ड्रेनेज-केबलमधे शिरतात. एकदम सगळे कापू नका, परवानगी लागते का ते विचारा, घरटी बघा आणि टप्प्याटप्प्याने काढा. त्या जागी अडुळसा, मेंदी, करंज, बहावा लावा. गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, मात्र कोणी फुकट दिली तरी नको.

ताई, मी झूलॉजी सेकंड इयरला आहे. या लाइनमधे यायचं तर आत्तापासून काय शिकू?
— एक विद्यार्थी, फतेगंज

ओळख शीक, बाकी सगळं नंतर येतं. नकाशे करायचं क्यूजीआयएस, एक्सेल, जैवविविधतेचे इंडेक्स काढणं हे कोणीही काही महिन्यांत शिकतं, पण समोरचा पक्षी आवाजावरून सांगणारी माणसं आम्हाला मिळत नाहीत. एकच गट धर, पक्षी, फुलपाखरं किंवा गवतं, आणि त्यात पक्का हो. थंडीत डभोईजवळच्या वढवाणा तलावावर जा, २०२१ पासून रामसर साइट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, सयाजीराव महाराजांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला. दर वेळी एकाच काठावर, एकाच वेळी, तेवढाच वेळ बसून यादी कर, तारीख आणि हवा लिही, आणि जे ओळखता आलं नाही त्याच्यापुढे नाव न टाकता "अनोळखी" लिहून खाली चोच, पाय, पंखावरचा पट्टा यांचं स्केच काढ. इंटरव्ह्यूला येशील तेव्हा ती वही घेऊन ये, मी मार्कशीटच्या आधी ती बघते.