लिनक्सवर एसएसडीची झीज कमी करायला काय करावं? स्वॅप बंद करू का?

जुन्या लॅपटॉपला नवी एसएसडी लावली, उबंटू टाकलं, आणि आता लिहून लिहून ती झिजू नये म्हणून स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) बंद करायचा, टेम्प (तात्पुरत्या फाइली) नि लॉग (मशीनच्या नोंदी) रॅममध्ये हलवायचे, ईएक्सटी४ या फाइलसिस्टिमचं जर्नलही (मशीन अचानक बंद पडलं तर फाइलींची रचना सावरणारी बदलांची नोंद) काढून टाकायचं, असा तुमचा बेत आहे. जर्नलला हात लावू नका. एवढ्यासाठीच लिहायला बसलो.

माझ्या मावसभावाचं, दादाचं, गिरगावात डीटीपीचं दुकान आहे. 2018 साली त्याने लॅमिंग्टन रोडवरून 250 जीबीची एसएसडी आणली आणि कुठूनतरी वाचून तिला जपायला लागला. जर्नल काढलं. चालू कामांचा अख्खा फोल्डर टीएमपीएफएसमध्ये, म्हणजे रॅममध्ये ठेवला. रोज रात्री अकराला आरसिंक हा नक्कल करणारा प्रोग्रॅम तो डिस्कवर उतरवणार. मी तेव्हाच म्हटलं होतं, दादा, हे करू नकोस. त्याचं उत्तर ठरलेलं: "तुला धंद्यातलं काय कळतं? डिस्क गेली तर सगळंच जाईल."

12 ऑक्टोबर 2020, सोमवार. दिवाळी महिन्यावर आलेली. लॉकडाउनमध्ये मार खाल्लेल्या दुकानाला एका दिवाळी अंकाचं काम मिळालं होतं. दादा रविवारची रात्रभर जागून पानं लावत होता, प्रूफातल्या दुरुस्त्या घालत होता. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची लाइट गेली. त्या दिवशी लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या, आठवत असेल. यूपीएसची बॅटरी लॉकडाउनमध्येच मेली होती. रात्री अकरानंतरचं सगळं काम रॅममध्ये होतं, ते गेलं. लाइट आल्यावर मशीन सुरू केलं तर एफएससीके, म्हणजे डिस्कची तपासणी-दुरुस्ती, बराच वेळ चालत राहिलं, आणि जाहिरातींची काही चित्रं लॉस्ट अँड फाउंड फोल्डरमध्ये नावाऐवजी नुसते आकडे लावून पडलेली. मी मुलुंडहून फोनवर होतो. पलीकडे मावशीचा रडवेला आवाज अजून कानात आहे. पुढच्या तीन रात्री दादाने तीच पानं पुन्हा लावली.

नंतर मी डिस्कची तब्येत सांगणारं स्मार्टसीटीएल चालवलं. अडीच वर्षांत डिस्कवर लिहिलं गेलं होतं सुमारे 10 टीबी. कंपनीची हमी 150 टीबी लिहीपर्यंतची. दादाचं म्हणणं, "बघ, माझ्या काळजीमुळेच एवढं कमी." हा वाद आमच्यात चार वर्षं चालला. आकडा बघितला त्याच दिवशी, 2020मध्ये, मी त्याच्या सगळ्या युक्त्या काढल्या, जर्नल परत लावलं, फोल्डर डिस्कवर आणला. 2024च्या दिवाळीआधी पुन्हा आकडा बघितला: 32 टीबी. म्हणजे आधी वर्षाला 4, आता साडेपाच. दादाच्या युक्त्यांनी लिखाण वाचत होतं, हे मी मान्य करतो. पण या वेगानेही हमीचा आकडा गाठायला अजून वीसेक वर्षं आहेत. वर्षाला दीड टीबी वाचवण्यासाठी त्याने रात्रभराचं काम पणाला लावलं होतं.

आता तुमचं. स्वॅप बंद करू नका; रॅम भरली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चालू प्रोग्रॅम मारतो. स्वॅप सतत वापरला जात असेल तर रॅम वाढवा, नाहीतर झेडरॅम (रॅममध्येच दाबून बसवलेला स्वॅप) लावा. स्वॅपिनेस (कर्नल स्वॅपकडे किती चटकन वळतो तो आकडा) 60 वरून 10 केलंत तरी चालेल. एफएसट्रिमचा (पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवणारा) टायमर उबंटूत आठवड्याला चालतो, तो चालू आहे ना एवढं बघा. नोएटाइमने (फाइल वाचल्याची वेळ न नोंदवण्याने) फार फरक पडत नाही, कारण 2009पासून कर्नल मुळातच रिलेटाइम वापरतो, म्हणजे ती वेळ क्वचितच नोंदवतो. डिस्क गच्च भरू देऊ नका, झीज सगळीकडे सारखी वाटणाऱ्या वेअर लेव्हलिंगला मोकळे ब्लॉक लागतात. आणि डिस्कवर खरं लिखाण कुठला प्रोग्रॅम करतोय ते आयओटॉप चालवून बघा. डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे डब्यांत, चालवणारं साधन) वापरत असाल तर त्याच्या लॉगला मर्यादा घाला. ती आपोआप नसते, आणि बडबड्या कंटेनरचा लॉग फुगतच जातो.

टेम्प रॅममध्ये ठेवायला माझी हरकत नाही, तिथलं गेलं तरी कुणी रडत नाही. लॉग मात्र डिस्कवरच राहू द्या. मशीन अचानक बंद पडलं तर का पडलं ते त्यातच सापडतं. तुमच्या लॅपटॉपला बॅटरी आहे, मान्य. पण हँग होऊन बटण दाबून बंद करावा लागला तरी रॅममधलं जातंच. आणि हो, हे सगळं घरच्या-दुकानाच्या मशीनबद्दल. चोवीस तास कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग किंवा रास्पबेरी पायमधलं मेमरी कार्ड असेल तर लिखाण कमी करण्यात अर्थ आहे, तिथे दादाची बाजू बरोबर ठरेल. शिवाय एसएसडी झिजायच्या आधी कंट्रोलर, म्हणजे तिची नियंत्रक चिप, बिघडूनही जाऊ शकते, त्यावर यातली एकही युक्ती चालत नाही. बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या.

सेटिंग बदलण्याआधी स्मार्टसीटीएलमधला टोटल एलबीए रिटनचा (लिहिलेल्या ब्लॉकांचा) आकडा 512 ने गुणून, म्हणजे बाइट्समध्ये, इथे टाका. एनव्हीएमई प्रकारची एसएसडी असेल तर परसेंटेज युज्ड (किती टक्के झिजली ते) सांगा. काही कंपन्या एलबीएचा आकडा वेगळ्या मापात देतात, म्हणून मॉडेलही लिहा.