मिटिंगमध्ये ओळखीचं कुणी निघालं तर?

"मॅडम, ए.ए.च्या मिटिंगला जायला माझी ना नाही. पण तिथे ओळखीचं कुणी निघालं तर?"

ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेली संघटना. समुपदेशक म्हणून दारू सोडू पाहणाऱ्यांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की तो आला नाही तरच चुकल्यासारखं वाटतं. विचारणारे दुकानदार असतात, सोसायटीचे सेक्रेटरी असतात, बँकेतले साहेब असतात. त्यातल्या एका सरांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

सर तालुक्याच्या गावी गणित शिकवायचे. रोज पिणाऱ्याने एकाएकी थांबवलं तर हात थरथरणं, भास होणं, फिट येणं इथपर्यंत मजल जाऊ शकते; म्हणून पहिली चिठ्ठी मी नेहमी मानसोपचारतज्ज्ञांच्या नावाने देते. ते पार पडलं. मग मिटिंग शोधायची वेळ आली आणि गाडं अडलं. एक मिटिंग चर्चच्या हॉलमध्ये, म्हणून नको. दुसरी नगरपालिकेच्या शाळेत, तिथले शिक्षक ओळखीचे. तिसरी हिंदीत. ऑनलाइन म्हटलं तर घरात नेटवर्क नाही. सोबत आलेल्या बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, शेवटी वैतागून म्हणाल्या, "यांना मिटिंग नकोय, मुहूर्त हवाय."

मी विचारलं, "सर, परमिट रूममध्ये शिरताना कोण बघतंय याची काळजी वाटायची?"

"सुरुवातीला. पुढे नाही."

"म्हणजे गावाला माहीत आहे."

"सगळ्या गावाला. पोरं वर्गात माझी नक्कल करतात."

"मग लपवायचं काय राहिलं?"

ते बराच वेळ गप्प होते. अशा वेळी मी बोलत नाही. नव्या समुपदेशकांना हेच सगळ्यात अवघड जातं.

"मी पितो हे कळलंय, मॅडम," ते म्हणाले. "सोडतोय हे कळायला नको. कळलं आणि परत प्यायलो, तर?"

इतक्या वर्षांत त्या प्रश्नाचा गाभा इतक्या स्वच्छ शब्दांत कुणी मांडला नव्हता. बेवडा म्हणून ओळखलं जाणं त्यांनी पचवलं होतं; धडपडताना दिसणं पचत नव्हतं. मी विवेकनिष्ठ विचारसरणीत, म्हणजे त्रासामागचे हट्टी विचार शोधून तपासण्याच्या पद्धतीत, घडलेली, त्यामुळे 'लोक काय म्हणतील'च्या खाली 'मी चुकताच कामा नये' हा हट्ट मला बहुतेक वेळा सापडतोच.

"गणिताचं उत्तर चुकलं तर पोरांना पायऱ्यांचे मार्क देता ना?"

"द्यावेच लागतात."

"मग स्वतःला?"

सर पहिल्यांदाच मोकळं हसले. हा प्रश्न मला ऐन वेळी सुचला, याचा आनंद आजही होतो.

मग मी त्यांना १९३५ची हकिगत सांगितली. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतल्याच अ‍ॅक्रन गावी आला होता. दारू सोडून काही महिने झाले होते. काम फिसकटलं. हॉटेलात समोर बार. तिकडे न वळता त्याने चर्चच्या लोकांना फोन लावायला सुरुवात केली : मला बोलायला एक दारूडा हवाय. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी गाठ पडली. पंधरा मिनिटंच थांबेन म्हणून आलेले डॉक्टर कित्येक तास बसले. ए.ए.ची सुरुवात ही. बिलने फोन केले ते कुणाचा उद्धार करायला नव्हे, स्वतः पिऊ नये म्हणून. तेव्हा तुम्ही खोलीत शिरलात की कुणी उपकाराच्या नजरेने बघत नाही. तिथल्या जुन्या माणसांनाही नवा माणूस हवाच असतो.

तिथे हजेरीपट नसतो, फी नसते, पूर्ण नाव सांगावं लागत नाही. अट एकच, दारू सोडायची इच्छा. पहिल्या दिवशी 'मी नुसता ऐकतो' म्हटलं तरी चालतं. 'ओपन' मिटिंगला घरचं माणूस सोबत नेता येतं, 'क्लोज्ड' मिटिंग फक्त पिण्याचा प्रश्न असणाऱ्यांची. एक मिटिंग रुचली नाही तर दुसरी बघा. निघताना दोघातिघांचे फोन नंबर मात्र घ्या, आणि ते पहिल्या पेगच्या आधी वापरा. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय टोल फ्री क्रमांक आहे.

ए.ए.चा कार्यक्रम बारा पायऱ्यांचा; त्यात स्वतःपेक्षा मोठ्या 'उच्च शक्ती'वर विसंबायला सांगतात. त्या 'उच्च शक्ती'शी माझं पूर्ण पटत नाही. तरीही मी लोकांना पाठवते. कॉक्रेन ही उपचारांचे पुरावे तपासणारी संस्था. तिच्या २०२०च्या आढाव्यात २७ अभ्यास एकत्र तपासले गेले. सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत ए.ए. आणि तिच्याशी जोडून देणारे उपचार इतर मान्य उपचारांच्या तोडीस तोड, काही बाबतीत सरस ठरले. माझ्या मतभेदापेक्षा हे मोठं. औषधांना मात्र मिटिंग हा पर्याय नाही.

सरांनी शेजारच्या जिल्ह्यातली, एसटीने तासाभरावरची मिटिंग निवडली. मी हरकत घेतली नाही. सुरुवात लांबून झाली तरी सुरुवातच. दिवाळीत एकदा प्यायले. पुढच्याच मिटिंगला जाऊन त्यांनी ते सगळ्यांसमोर सांगितलं. तिथे ओळखीचं कुणी भेटलं का, हे मी विचारलं नाही. ते विचारायचंही नसतं.

"यांचं झालं, माझं काय?" बाईंनी एकदा विचारलं. दारूड्यांच्या घरच्यांसाठी १९५१पासून अल-अ‍ॅनॉन आहे, आणि तिथे जायला नवऱ्याने दारू सोडलेली असावी लागत नाही, हे सांगितलं. त्यांनी त्याच आठवड्यात सगळ्यात जवळची मिटिंग धरली. एसटीत तास घालवायला त्यांना वेळ नव्हता.