कोड जमतो, पण मुलाखतीत तोंड उघडत नाही

प्रश्न : मी सांगलीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. लीटकोड या कोडिंग सरावाच्या साइटवर साडेचारशे प्रॉब्लेम सोडवलेत. तरी एका मोठ्या टेक कंपनीत पहिल्याच राउंडला रिजेक्ट झालो. कोड जवळजवळ बरोबर होता. रेफरल देणारा सीनियर म्हणतो, 'तू बोललाच नाहीस.' माझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून असेल का? आणखी दोनशे प्रॉब्लेम करू का?

उत्तर : नको. साडेचारशे पुष्कळ झाले. तुझा सीनियर बरोबर बोलतोय.

मुलाखत घेणारा सगळं एकटा ठरवत नाही. गूगलमध्ये प्रत्येक जण आपापला अभिप्राय लिहून देतो आणि तो वाचून मत देते हायरिंग कमिटी. त्या लोकांनी तुला कधी पाहिलेलंही नसतं. अ‍ॅमेझॉनमध्ये 'बार रेझर' म्हणून, भरतीचा दर्जा खाली जाऊ नये हे बघणारा एक जण बसतो, तोही भरती करणाऱ्या टीमच्या बाहेरचा. म्हणजे तुझी बाजू मांडायला उरतात फक्त समोरच्याने टिपलेल्या ओळी. मी नोकरीत असताना अशा मुलाखती घ्यायचे. एक मुलगा अर्धा तास गप्प बसून अचूक उत्तर देऊन गेला. नंतर फॉर्म भरताना 'विचार कसा केला' या रकान्यापाशी मी अडले. काय लिहिणार? पाठांतर होतं की हुशारी, मलाच कळलं नव्हतं.

तुला पाठ असलेलंच गणित घे. आकड्यांच्या यादीतून अशी जोडी शोधायची, की बेरीज आठ यावी. तुझा हात लगेच हॅशसेटकडे जाईल, म्हणजे एखादा आकडा आत आहे का ते झटकन सांगणाऱ्या साठ्याकडे. थांब. आधी समोरच्याला विचार : यादी सॉर्ट केलेली आहे का? आकडे किती? एकच आकडा दोनदा वापरायला चालेल का? मग साधा उपाय बोलून दाखव, 'प्रत्येक जोडी तपासली तर एन स्क्वेअर, म्हणजे आकड्यांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात काम. लाखभर आकडे असतील तर जवळपास 500 कोटी जोड्या होतात, परवडणार नाही.' त्यानंतर हॅशसेट : प्रत्येक आकड्याचा जोडीदार आधी दिसलाय का ते बघायचं, नसेल तर तो आकडा सेटमध्ये टाकायचा. आणि हे बघणं आधी, टाकणं नंतर का, तेही सांग. यादी 4, 1 अशी असेल आणि तू चार आधी टाकलास, तर चारला स्वतःचाच चार जोडीदार म्हणून सापडेल! हे एक वाक्य उदाहरणासकट बोललास, तर समोरचा ते नक्की टिपून घेतो.

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नकोस. 'लेट मी ट्राय अ स्मॉल एक्झाम्पल' एवढं इंग्रजी तुला येतं. अडलास तर 'आय अ‍ॅम स्टक हिअर, बिकॉज...' म्हण. कुठे अडलास ते कळलं की समोरचा बहुधा हिंट देतो. ती घेण्यात कमीपणा नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या मुलांची खास. प्रोजेक्टबद्दल विचारलं की 'आम्ही केलं, आमच्या ग्रुपने केलं.' घरी 'मी मी' केलेलं खपत नाही, म्हणून जीभच वळत नाही. अ‍ॅमेझॉनची 16 लीडरशिप प्रिन्सिपल्स, म्हणजे कामाची तत्त्वं, आहेत आणि त्यांवरच्या प्रश्नांत तू स्वतः काय केलंस हेच खोदून विचारतात. डेटाबेस तू लिहिलास ना? मग 'आय' म्हण.

आता सराव. रूममेटला समोर बसव. त्याला कोडिंग येत नसलं तरी चालेल, उलट बरंच. साध्या गूगल डॉकमध्ये लिही, तिथे कोडचं ऑटोकम्प्लीट नाही आणि रन बटणही नाही. घड्याळ 45 मिनिटांचं. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेव. पहिल्यांदा स्वतःचं स्वतःला ऐकवणार नाही, पण ऐक, आणि सलग किती मिनिटं गप्प होतास ते वहीत मांड. पुन्हा अर्ज कधी करता येईल, हे रिक्रूटरला आजच मेल करून विचार.